आयटिल फाउंडेशन : अनुभव असूनही मी नापास का झाले



मागच्या भागानंतर बंगळूर, हैदराबाद, नोएडा, इंदूर अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारला. ‘ताई, मी सर्व्हिस डेस्कवर आहे, बढतीसाठी आयटिल कर म्हणतात. किती अवघड असतं? कुठून सुरुवात करू?’ आजचा भाग त्यावरच आहे.

आधीच एक गोष्ट सांगून टाकते. मी ही परीक्षा पहिल्या वेळी नापास झाले. उत्तीर्ण व्हायला ४० पैकी २६ गुण लागतात, मला २४ मिळाले. तेव्हा मला सर्व्हिस डेस्कवर सहा वर्षं झाली होती, त्यातली चार रात्रपाळीची. माझ्याच टीममधला, कॉलेजमधून नुकताच आलेला मुलगा त्याच महिन्यात पहिल्या फटक्यात पास झाला. फी मी स्वतःच्या खिशातून भरली होती आणि टीम लीडच्या जागेसाठी हे प्रमाणपत्र मागितलं होतं. त्या संध्याकाळी मी मियापूरच्या घरी लॅपटॉप बंद करून नुसती बसून होते. नांदेडला आईला फोन केला, तेव्हा ‘अगं नेटवर्क गेलं, परीक्षा पुढे ढकलली’ असं चक्क खोटं सांगितलं.

सहा वर्षं जे काम रोज केलं, त्याच कामावरच्या सोप्या परीक्षेत मी का पडले, हे कळायला मला दोन आठवडे लागले. तेच आज सांगणार आहे, म्हणजे तुमचे दोन आठवडे आणि एक फी वाचेल.

परीक्षा नेमकी काय आहे

आयटिल म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी. १९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक खात्याने सुरू केलेली ही पुस्तकमाला. सरकारी कार्यालयांतल्या संगणकसेवा प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने चालवण्यापेक्षा चांगल्या पद्धती एका जागी लिहून ठेवाव्यात, हा हेतू. पुढे तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. तिसरी आवृत्ती २००७ साली आली आणि २०११ साली सुधारली गेली. आयटिल ४ फेब्रुवारी २०१९मध्ये आली. २०२१पासून हे सगळं पीपलसर्ट या संस्थेकडे आहे आणि परीक्षाही तीच घेते.

मी बोलणार आहे ते आयटिल ४ फाउंडेशनबद्दल. ही पहिली पायरी आहे, तिच्यासाठी आधीची कोणतीही परीक्षा किंवा अनुभवाची अट नाही. ४० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ ६० मिनिटं, पुस्तक उघडायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी २६, म्हणजे ६५ टक्के. इंग्रजी ही तुमची मातृभाषाही नसेल आणि कामाची भाषाही नसेल, तर १५ मिनिटं जादा मिळण्याची तरतूद आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचं ऑफिस इंग्रजीतच चालतं, म्हणून तयारी ६० मिनिटांचीच करा.

एक सूचना. कोणाच्या तरी जुन्या नोट्स घेऊन अभ्यास करू नका. माझी पहिली चूक हीच. एका सहकाऱ्याने प्रेमाने दिलेल्या नोट्स तिसऱ्या आवृत्तीच्या निघाल्या. त्यात सर्व्हिस लाइफसायकलचे पाच टप्पे आणि २६ प्रक्रिया होत्या. मी ते पाठ केलं. आयटिल ४मध्ये ती मांडणीच बदललेली आहे. आवृत्त्या येत राहतात, म्हणून व्हाउचर घेताना ते कोणत्या आवृत्तीचं आहे ते बघा आणि त्याच आवृत्तीचा अभ्यासक्रम, म्हणजे सिलॅबस, डाउनलोड करून छापून घ्या. चार पानांचा कागद चारशे पानांच्या पुस्तकापेक्षा आधी हातात हवा.

सोमवारची रांग

आता माझ्या दुसऱ्या आणि खऱ्या चुकीकडे येते. त्यासाठी कामावरचा एक प्रसंग सांगते.

आम्ही एका मोठ्या रुग्णालयाची संगणकव्यवस्था सांभाळायचो. दर सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांच्या नोंदणी खिडकीवरचं सॉफ्टवेअर मंद व्हायचं. फोन यायचा. आम्ही तिकीट उघडायचो, सर्व्हरवरची एक सेवा बंद करून पुन्हा सुरू करायचो, वीस-पंचवीस मिनिटांत सगळं ठीक. करारात चार तासांची मुदत होती, आम्ही पंचवीस मिनिटांत तिकीट बंद करायचो. महिन्याच्या अहवालात आमचा रकाना हिरवागार. आम्हाला शाबासकीही मिळायची.

खिडकीवर बसणाऱ्या बाई एकदा मला म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं तिकीट बंद झालं, माझी रांग तशीच आहे.’ पंचवीस मिनिटांत त्यांच्यासमोर साठ-सत्तर माणसं साचायची. कोणी तान्ह्या बाळाला घेऊन, कोणी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेलं. मी ‘सॉरी मॅडम’ म्हटलं आणि पुढचा फोन घेतला.

परीक्षेच्या अभ्यासात प्रश्न यायचा : इन्सिडेंट मॅनेजमेंटचा उद्देश काय? मी ठामपणे खूण करायचे, ‘बिघाडाचं मूळ कारण शोधून ते दूर करणं’. चूक. इन्सिडेंट म्हणजे सेवेत आलेला अनपेक्षित खंड किंवा तिचा घसरलेला दर्जा. त्याचं व्यवस्थापन म्हणजे सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करून नुकसान कमी करणं. कारण शोधणं हे प्रॉब्लेम मॅनेजमेंटचं काम. प्रॉब्लेम म्हणजे एका किंवा अनेक इन्सिडेंटमागचं कारण, किंवा पुढे इन्सिडेंट घडवू शकेल असं संभाव्य कारण.

आमच्या ऑफिसात दोन्हीला ‘इश्यू’ म्हणायचे. एकच तिकीट, एकच टीम, एकच शब्द. त्यामुळे माझ्या डोक्यातही दोघांमधली भिंत नव्हती. परीक्षेला तीच भिंत दिसते की नाही हे बघायचं होतं. त्या नव्या मुलाकडे अनुभव नव्हता, म्हणून तो पुस्तकात लिहिलेलं वाचत होता. मी पुस्तक उघडं ठेवून आमचं ऑफिस वाचत होते.

अनुभवी माणसं इथेच अडखळतात. प्रश्न वाचला की मन लगेच ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणतं आणि चार पर्यायांत ऑफिससारखा दिसणारा पर्याय हटकून असतोच.

डब्याने समजलेली सेवा

दुसऱ्या तयारीत मी सुरुवात अगदी मुळापासून केली, सेवा म्हणजे काय इथून. पुस्तकातली व्याख्या लांब आहे आणि तिचा प्रत्येक तुकडा प्रश्नात येतो. ती मला डब्यावरून समजली.

हैदराबादला पहिली दोन वर्षं आम्ही तीन मैत्रिणी एका मराठी काकूंचा डबा घ्यायचो. आम्हाला काय हवं होतं? वेळेवर पोटभर जेवून पाळीला जाणं. गॅस, बाजारहाट, भाजी नासण्याची जोखीम, भांडी, यातलं काही आम्हाला सांभाळायचं नव्हतं. सेवा म्हणजे हेच. ग्राहकाला हवी ती फलनिष्पत्ती मिळायला मदत करायची आणि त्यामागचे ठरावीक खर्च आणि जोखमी ग्राहकाने स्वतः सांभाळण्याची गरज ठेवायची नाही.

हाती आलेला डबा म्हणजे आउटपुट. जेवून ताजंतवानं कामावर पोहोचणं म्हणजे आउटकम. डबा आला, पण आमची पाळी सुरू झाल्यावर आला, तर आउटपुट आहे, आउटकम नाही. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल करून हमखास फसवतात.

डब्यात पोळी, भाजी, वरण, भात आहे, म्हणजे गरज भागवणारं काम तो करतो, ही युटिलिटी. तो एक वाजता येतो, पुरेसा असतो, पावसातही चुकत नाही, ही वॉरंटी. सेवा काय करते ते युटिलिटी, कशी पार पाडते ते वॉरंटी. उपलब्धता, क्षमता, सुरक्षितता, सातत्य हे शब्द प्रश्नात दिसले की वॉरंटी. सेवेची किंमत वाटायला दोन्ही लागतात.

आणि मूल्य फक्त काकू तयार करत नव्हत्या. आम्ही रिकामा डबा धुऊन परत दिला, सुट्टी आदल्या दिवशी कळवली, तिखट कमी हवं असं सांगितलं, तरच व्यवस्था नीट चालायची. सेवा देणारा आणि घेणारा मिळून मूल्य तयार करतात, हा आयटिल ४चा गाभा आहे. ‘पुरवठादार ग्राहकाला मूल्य पोहोचवतो’ असं एकतर्फी वाक्य पर्यायात दिसलं तर सावध व्हा.

आमच्यातली एक जण काकूंशी बोलून काय हवं ते ठरवायची, ती कस्टमर. पहिले काही महिने तिचे बाबा पैसे मंजूर करायचे, ते स्पॉन्सर. जेवणाऱ्या आम्ही सगळ्या युजर. एकच माणूस तिन्ही भूमिकांत असू शकतो. भूमिका वेगळ्या, माणसं वेगळी असायलाच हवीत असं नाही.

अशी तुमची स्वतःची एक गोष्ट शोधा. डबा नको तर सोसायटीचा पाण्याचा टँकर घ्या. पण एकच घ्या आणि सगळ्या मूळ संकल्पना तिच्यावर बसवून बघा. व्याख्या आठवायला मग पाठांतराची काठी लागत नाही.

ऑफिसचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द

मी एक वही केली. डाव्या पानावर ‘आमच्याकडे’, उजव्या पानावर ‘पुस्तकात’. त्यातल्या काही जोड्या वाचून दाखवते.

पहिली. पासवर्ड रीसेट, नवा मॉनिटर, एखाद्या फोल्डरची परवानगी. आमच्याकडे हे सगळं इन्सिडेंट म्हणून नोंदलं जायचं. पुस्तकात ही सर्व्हिस रिक्वेस्ट आहे. काही बिघडलेलं नाही, ठरलेल्या सेवेचाच भाग असलेली मागणी आहे.

दुसरी. सर्व्हरची डिस्क ऐंशी टक्के भरल्याचा इशारा आला, अजून काही बंद पडलेलं नाही. आमच्याकडे हेही इन्सिडेंट. पुस्तकात हा इव्हेंट, म्हणजे लक्ष देण्याजोगा अवस्थाबदल. प्रत्येक इव्हेंट इन्सिडेंट नसतो.

तिसरी. सेवा बंद करून पुन्हा सुरू करणं. आमच्याकडे हा ‘फिक्स’. पुस्तकात हा वर्कअराउंड, म्हणजे पूर्ण उपाय सापडेपर्यंत परिणाम कमी करण्याची सोय. ज्या प्रॉब्लेमचा अभ्यास झाला आहे पण जो अजून सुटलेला नाही, तो नोन एरर. ‘नोन एरर म्हणजे सुटलेला प्रॉब्लेम’ हा पर्याय नेहमी गोड दिसतो. खाऊ नका.

चौथी. बदलाची परवानगी. आमच्याकडे प्रत्येक बदल बुधवारच्या मोठ्या बैठकीत जायचा. पुस्तकात बदलांचे तीन प्रकार आहेत. स्टँडर्ड चेंज म्हणजे कमी जोखमीचा, पूर्वपरवानगी असलेला. नॉर्मल चेंजला त्याच्या जोखमीप्रमाणे तपासून योग्य त्या अधिकाऱ्याची मंजुरी. इमर्जन्सी चेंजची तपासणी घाईत होते, पण मंजुरी टळत नाही. ‘सर्व बदल एकाच समितीने मंजूर करावेत’ हे वाक्य ऑफिसात खरं असेल, परीक्षेत नाही.

पाचवी. सर्व्हिस लेव्हल. आमच्याकडे एसएलए म्हणजे तिकीट किती वेळात बंद केलं. पुस्तक म्हणतं, मोजमाप ग्राहकाच्या फलनिष्पत्तीशी जोडलेलं हवं. आकडे हिरवे पण माणसं नाराज, याला तिथे कलिंगडाची उपमा आहे. बाहेरून हिरवं, आतून लाल. ते वाचताना मला खिडकीवरच्या त्या बाई आठवल्या. आमचा अहवाल म्हणजे अख्खं कलिंगड होतं.

गुण कुठे आहेत

आता हिशोब. आयटिल ४मध्ये एकूण ३४ प्रॅक्टिसेस आहेत. १४ सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या, १७ सेवा व्यवस्थापनाच्या, ३ तांत्रिक. घाबरू नका, फाउंडेशनला त्यातल्या फक्त १५ आहेत.

सात खोलात हव्यात : कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट, चेंज एनेबलमेंट, इन्सिडेंट मॅनेजमेंट, प्रॉब्लेम मॅनेजमेंट, सर्व्हिस रिक्वेस्ट मॅनेजमेंट, सर्व्हिस डेस्क आणि सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंट. यांच्यावर ४० पैकी १७ प्रश्न असतात.

उरलेल्या आठांचा उद्देश आणि संबंधित व्याख्या आल्या की पुरे : इन्फर्मेशन सिक्युरिटी, रिलेशनशिप, सप्लायर, आयटी अ‍ॅसेट, मॉनिटरिंग आणि इव्हेंट, रिलीज, सर्व्हिस कॉन्फिगरेशन आणि डिप्लॉयमेंट. सगळ्या प्रॅक्टिसेसचे उद्देश आणि व्याख्या मिळून ७ प्रश्न.

म्हणजे २४ प्रश्न प्रॅक्टिसेसवर. मी पहिल्या वेळी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि परीक्षा आली तेव्हा प्रॅक्टिसेस घाईत उरकल्या. तुम्ही असं करू नका.

पुढचा मोठा गट सात मार्गदर्शक तत्त्वांचा, ६ प्रश्न. मूल्यावर लक्ष ठेवा. आहात तिथून सुरुवात करा. टप्प्याटप्प्याने, प्रतिसाद घेत पुढे जा. मिळून काम करा आणि काम सगळ्यांना दिसू द्या. समग्र विचार करा. साधं आणि व्यवहार्य ठेवा. सुधारा आणि स्वयंचलित करा. मी इथे मराठीत सांगितली, पण परीक्षेसाठी इंग्रजी नावं जशीच्या तशी डोक्यात हवीत. नावापेक्षा अर्थावर प्रश्न येतात. शेवटच्या तत्त्वात क्रम महत्त्वाचा आहे : आधी काम सुटसुटीत करा, मग यंत्रावर सोपवा. गोंधळ जसाच्या तसा यंत्रावर घातला तर गोंधळच वेगाने होतो. ‘आहात तिथून सुरुवात करा’ म्हणजे जुनं सगळं ठेवा असं नव्हे. आधी प्रत्यक्ष जाऊन बघा, मोजा, मग काय ठेवायचं ते ठरवा.

सेवा, मूल्य, आउटकम या मूळ संकल्पनांवर ५ प्रश्न. चार परिमाणांवर २ : संस्था आणि माणसं, माहिती आणि तंत्रज्ञान, भागीदार आणि पुरवठादार, मूल्यप्रवाह आणि प्रक्रिया. सर्व्हिस व्हॅल्यू सिस्टिमवर १ आणि सर्व्हिस व्हॅल्यू चेनवर २. चेनमध्ये सहा कृती आहेत : प्लॅन, इम्प्रूव्ह, एंगेज, डिझाइन अँड ट्रान्झिशन, ऑब्टेन अँड बिल्ड, डिलिव्हर अँड सपोर्ट. या ओळीने एकामागून एक करायच्या पायऱ्या नाहीत, कामाप्रमाणे त्यांचा क्रम बदलतो. बाहेरच्या लोकांशी होणारा सगळा संपर्क एंगेजमधून जातो, एवढं पक्कं ठेवा.

चार आठवडे, रोज एक तास

माझी दुसरी तयारी चार आठवड्यांची होती. नोकरी सांभाळून, रोज एक तास. त्यातला अर्धा तास मियापूरहून अमीरपेटला गाडी बदलून रायदुर्गला जाताना मेट्रोतच व्हायचा.

पहिल्या दिवशी काहीही न वाचता अधिकृत नमुना प्रश्नपत्रिका सोडवली. कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंटच्या मॉडेलमध्ये ‘कुठे पोहोचायचं’ याबरोबर ‘आत्ता कुठे आहोत’ हा टप्पा आहेच, तो स्वतःवर वापरला. कमी गुण मिळाले तर वाईट वाटून घेऊ नका, तो फक्त मोजमापाचा खांब आहे.

पहिला आठवडा मूळ संकल्पना आणि चार परिमाणं, डब्याच्या गोष्टीसकट. दुसरा आठवडा पूर्ण सात प्रॅक्टिसेस, दिवसाला एक. तिसऱ्यात मार्गदर्शक तत्त्वं, व्हॅल्यू चेन आणि उरलेल्या आठ प्रॅक्टिसेसचे उद्देश. चौथ्यात घड्याळ लावून तीन पूर्ण प्रश्नपत्रिका, एक दिवसाआड. मधल्या दिवशी फक्त चुका.

चुका तपासताना ‘बरोबर उत्तर क’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. मी प्रत्येक चुकीपुढे तीन ओळी लिहायचे. मी कोणता पर्याय निवडला, तो का बरोबर वाटला, आणि पुस्तकातला कोणता शब्द मी पाहिला नाही. पंधरा-वीस चुका झाल्यावर नमुना दिसू लागतो. माझ्या बहुतेक चुकांपुढे दुसऱ्या ओळीत एकच उत्तर होतं : आमच्याकडे असंच करतात.

तिन्ही सराव परीक्षांत तीसच्या वर गुण येईपर्यंत तारीख घेऊ नका. सव्वीसवर कसंबसं पोहोचणारा परीक्षेच्या ताणात चोवीसवर येतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

आणि ‘परीक्षेतले खरे प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फायलींच्या नादी लागू नका. एक तर ते नियमाविरुद्ध आहे. दुसरं, त्यातली उत्तरंही बऱ्याचदा चुकीची असतात आणि तुम्ही चूकच पाठ करता.

प्रश्न कसे वाचायचे

फाउंडेशनमध्ये दोनच गोष्टी तपासतात : आठवतं का आणि समजलं का. प्रश्नांचे आकार ठरलेले आहेत. काही सरळ असतात. काहींत वाक्यातला एक शब्द गाळलेला असतो, तिथे व्याख्या शब्दशः उपयोगी पडते. काहींत चार विधानं देऊन त्यातली कोणती दोन बरोबर ते विचारतात. तिथे आधी स्वतः प्रत्येक विधानापुढे बरोबर-चूक ठरवा, मगच पर्याय बघा. एखादा प्रश्न ‘यातलं काय नाही’ असा येतो, त्यातला तो नकार घाईत सुटतो.

‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय दुसऱ्यांदा वाचा. तो दर वेळी चूकच असतो असं नाही, पण आयटिल ही परिस्थितीप्रमाणे वाकणारी चौकट आहे, तिला टोकाची भाषा फारशी रुचत नाही.

एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. पहिली फेरी पस्तीस मिनिटांत संपवा, अडलेल्यावर खूण करून पुढे चला. गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

परीक्षेच्या दिवशी

बरेच जण घरूनच ऑनलाइन देतात. कॅमेरा आणि माइक सुरू असतो, पर्यवेक्षक तुम्हाला पाहत असतो. सॉफ्टवेअर आदल्या दिवशी उतरवून तपासून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप बहुधा ते चालू देत नाही, म्हणून घरचा किंवा मैत्रिणीचा वापरा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळायला हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी हे खास बघावं. टेबल मोकळं, खोलीत दुसरं कोणी नाही. शेअर फ्लॅटमध्ये राहत असाल तर दाराला कडी लावा आणि बाहेर सांगून ठेवा.

प्रश्न मोठ्याने वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा, कारण तिथे ओठ हलवून पुटपुटलेलंही चालत नाही. मला ही सवय होती. सराव परीक्षा तोंडात लवंग धरून दिल्या, हसू नका.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, पुढे ते नूतनीकरण करावं लागतं. व्हाउचर घेताना नापास झाल्यास पुन्हा बसण्याची सोय थोडे जास्त पैसे भरून आधीच घेता येते. पहिल्या वेळी मी ती घेतली नव्हती, ‘मला काय गरज’ म्हणून.

पास झाल्यावर

दुसऱ्या वेळी मला ३४ मिळाले. आईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तेव्हाच कळलं होतं, नेटवर्क गेलं म्हणून कोणी इतकं रडत नाही.’

पण मला तुम्हाला सांगायचंय ते त्या आधीच्या सोमवारचं. परीक्षेला दहा दिवस असताना पुन्हा तोच फोन आला, पुन्हा तोच रीस्टार्ट. तिकीट बंद करताना माझा हात थांबला. डावं पान, उजवं पान. हा वर्कअराउंड आहे, मग प्रॉब्लेम कुठे नोंदलाय? कुठेच नाही. मागच्या कित्येक महिन्यांची तिकिटं मी एकत्र केली आणि पहिल्यांदाच प्रॉब्लेमची वेगळी नोंद उघडली. मॅनेजर म्हणाले, ‘एसएलए तर हिरवा आहे ना?’ मी त्यांना तिकिटांच्या वेळा दाखवल्या. सगळ्या सोमवारच्या, सगळ्या साडेआठ ते पावणेनऊच्या.

डेटाबेसच्या टीमने शोधलं. आठवड्याचा एक मोठा अहवाल सोमवारी सकाळी आठला आपोआप सुरू व्हायचा आणि नोंदणीची गाडी अडवायचा. तो रविवारी रात्री दोनला हलवायचा, एवढाच बदल. रीतसर मंजुरी घेऊन केला. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम सकाळच्या पाळीला आले आणि पावणेनऊपर्यंत फोनकडे बघत बसले. तो वाजला नाही.

म्हणून सांगते, हे प्रमाणपत्र कोणतंही टूल चालवायला शिकवत नाही आणि एकट्याने नोकरीही देत नाही. पण इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम हे दोन शब्द वेगळे ठेवायला शिकवतं, आणि ते वेगळे नसले की कोणाची तरी रांग दर सोमवारी तशीच राहते. अभ्यास करताना तुमच्या ऑफिसातला असा एक सोमवार शोधा आणि वहीच्या डाव्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या भागात डाव्या-उजव्या पानांची ती वही तुमच्यासमोर उघडणार आहे आणि सात प्रॅक्टिसेस एकेक करून घेणार आहे. तोपर्यंत सिलॅबस छापून घ्या आणि पहिली नमुना प्रश्नपत्रिका काहीही न वाचता सोडवा. किती गुण आले ते मला कळवा. कमी आले तरी कळवा, माझे चोवीस तर तुम्हाला माहीतच आहेत.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.